सामाईक जमिनीवरचे घर आणि लग्नापूर्वीचा करार

वेंगुर्ला तालुक्यातील माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या एका भगिनीचा प्रश्न असा आहे. त्यांचे लग्न ठरले आहे. होणारे पती मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या गावचे असून गोव्यातील मोपा विमानतळावर नोकरी करतात. त्यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले असून त्यांना ८ वर्षांची मुलगी आहे. गावच्या सामाईक जागेत पर्यटकांसाठी ४ खोल्यांचे घर बांधायचे आहे. त्यात या भगिनी आपली १४ लाखांची बचत घालणार आहेत आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढायचे आहे. ‘घरच्या मिळकतीवर कधीही हक्क सांगणार नाही’ असे होणाऱ्या पतीच्या काकांनी या भगिनीकडून लिहून मागितले आहे. लग्नापूर्वी काही महिने दोघांनी गोव्यात म्हापशाला एकत्र राहण्याचाही विचार आहे. विवाहपूर्व करार केल्यास आपली पुंजी सुरक्षित राहील का, आणि गोव्यात असा करार मान्य असल्याने लग्न तिथेच नोंदवावे का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी कराराविषयी. महाराष्ट्रात हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली लग्न करणाऱ्यांसाठी विवाहपूर्व कराराची स्वतंत्र तरतूद नाही. असा करार करायला बंदीही नाही; मात्र तो भारतीय करार कायदा, १८७२ च्या कसोटीला उतरावा लागतो, आणि त्या कायद्याच्या कलम २३ नुसार ज्याचा उद्देश सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे असा करार रद्दबातल ठरतो. जावयाने कायम सासूच्या घरी राहावे आणि पत्नीला इतरत्र नेऊ नये, असा लग्नापूर्वी झालेला करार कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्ये टेकायत मोन मोहिनी जेमादाई यांच्या खटल्यात अमान्य केला होता. पुढे वेगळे झालो तर कोणी काय घ्यायचे किंवा काय सोडायचे, हे आधीच बांधून ठेवणाऱ्या अटींकडेही आपली न्यायालये त्याच सावध नजरेने पाहत आली आहेत. पोटगी मागणार नाही, असे आपण आज लिहून दिले तरी त्यामुळे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालचा, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ चा, आपला हक्क जात नाही. तेव्हा ५०० रुपयांच्या मुद्रांकावर टंकून नोटरीचा शिक्का घेतला की पैशाची चिंता मिटली, या समजुतीत राहू नये.

तरीही लग्नापूर्वी लिहून ठेवण्याला मी फार मोल देते. अशा कागदाने हक्क सोडता येत नसले तरी वस्तुस्थिती नोंदवता येते. लग्नाच्या दिवशी कोणाचे काय होते, कोणावर किती कर्ज होते, घरासाठी कोणाच्या खात्यातून किती रक्कम जाणार आहे आणि ती भेट आहे, उसनवार आहे की हिश्श्यापोटी आहे, हे दोघांच्या सहीने लिहिलेले असेल तर पुढे तो कागद पुरावा म्हणून उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालात पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक केले आणि त्याचा नमुनाही निकालाला जोडला. नाते तुटल्यावर भरायचा तो नमुना, लग्न ठरलेल्या जोडप्यांनी एकमेकांसमोर बसून आधीच भरावा, असा माझा आग्रह असतो. बँक खाती, मुदत ठेवी, विमा, वाहन, जमीन, सोनेतारण कर्ज, सोसायटीचे पीककर्ज, मित्रासाठी केलेली जामीनकी, अवलंबून असलेली माणसे, असे सगळे त्यात येते. आपल्या प्रकरणात त्या लहान मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेली रक्कमही त्यात स्पष्ट लिहिलेली असावी.

काकांनी मागितलेल्या वाक्याबद्दल रागावू नये, पण त्यावर सहीही करू नये. पतीच्या हयातीत त्याच्या वडिलोपार्जित मिळकतीत पत्नीला सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला जन्मापासूनचा हिस्सेदार) म्हणून हिस्सा नसतो, त्यामुळे काकांना वाटणाऱ्या भीतीला तसा आधार नाही. भविष्यात वारसाने मिळू शकेल अशा हिश्श्याची केवळ शक्यता मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार हस्तांतरित करता येत नाही, त्यामुळे आज लिहिलेल्या हक्कसोडीला तसा फारसा अर्थ उरत नाही. मात्र असा कागद गावात फिरतो, तलाठ्याकडे वारसनोंदीच्या वेळी समोर ठेवला जातो आणि बाईला वर्षानुवर्षे तारखा घालायला लावतो. कुटुंबाला हवी असलेली खात्री वेगळ्या शब्दांत देता येईल. आपण घातलेल्या रकमेपलीकडे कुटुंबाच्या जमिनीवर आपला आज कोणताही दावा नाही, हे खरे आहे आणि तेवढे खुशाल लिहावे.

गोव्याची गोष्ट खरोखर वेगळी आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था आजही चालते. लग्नापूर्वी सार्वजनिक दस्त करून वेगळी पद्धत निवडली नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि निवडलेली पद्धत लग्नानंतर बदलता येत नाही. त्यामुळे सीमेपलीकडच्या नातेवाइकांचे अनुभव ऐकून आपल्याकडे बरेच गैरसमज पसरतात. तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात लग्न नोंदवले किंवा मोपाला नोकरी केली, एवढ्याने सिंधुदुर्गातल्या कुटुंबाला तो कायदा चिकटत नाही. माणसाचा मूळ अधिवास कोठला, हा तेथे निर्णायक प्रश्न असतो, आणि आपल्या दोघांचाही तो महाराष्ट्रात आहे. केवळ करारासाठी विवाहनोंदणीचे ठिकाण बदलू नये. सगळीकडे एकच नियम आहे असेही नाही. आपल्याच किनाऱ्यावरच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांत निकाहनाम्यात मेहेर आणि अटी लिहिल्या जातात, आणि ख्रिस्ती दांपत्यांच्या घटस्फोटात विवाहपूर्व मालमत्ता व्यवस्थेचा विचार करण्याचा अधिकार १८६९ च्या घटस्फोट कायद्याच्या कलम ४० ने न्यायालयाला दिला आहे.

आता त्या घराकडे वळते, कारण आपले १४ लाख खरोखर तिथे धोक्यात आहेत. सामाईक सातबाऱ्यावर घर बांधताना काय घडते ते मी वारंवार पाहते. बांधकाम परवानगीचा अर्ज सासऱ्यांच्या नावाने जातो, कारण सातबाऱ्यावर नाव त्यांचे असते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे आपण ज्याला असेसमेंट उतारा म्हणतो त्यावर, घरमालक म्हणून त्यांचेच नाव लागते. चिऱ्याच्या गाड्या येतात तेव्हा चिरेखाणवाला वहीच्या पानावर दिराचे नाव लिहून पावती देतो. वाळू, गवंडी आणि सुतार यांना रोख पैसे दिले जातात. वीजजोडणी सासऱ्यांच्या नावावर, आणि पुढे पर्यटकांची आगाऊ रक्कम पतीच्या खात्यात. बाईचे पैसे मात्र तिच्या खात्यातून पतीच्या खात्यात एकदा वळते होतात आणि तिथे इतर पैशांत मिसळतात. ५ वर्षांनी कुटुंबात बेबनाव झाला किंवा पतीचे अकाली निधन झाले, तर त्या घरात तिचा एक रुपयाही दिसेल असा कागद उरत नाही.

कायदा याबाबत अगदी निष्ठुर नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर त्याच्या परवानगीने आणि स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी बांधकाम केले असेल, तर ती परवानगी सहजासहजी मागे घेता येत नाही, असे भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ चे कलम ६० सांगते. पण त्या तरतुदीतून घरातून काढले जाऊ नये एवढाच बचाव मिळतो. जमिनीत हिस्सा मिळत नाही, आणि विकता किंवा गहाण ठेवता येईल असा हक्क तर नाहीच. शिवाय खर्च आपण केला, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावरच येतो.

म्हणून पहिला आणि सर्वांत चांगला मार्ग म्हणजे आधी वाटप, मग बांधकाम. सर्व सहहिस्सेदारांनी नोंदणीकृत वाटणीपत्र करावे किंवा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घ्यावे. सासऱ्यांच्या वाट्याला आलेल्या जागेतून घराची जागा त्यांनी मुलाला बक्षीसपत्राने द्यावी, आणि लग्नानंतर पतीने त्यातला ठरलेला भाग आपल्याला बक्षीसपत्राने द्यावा. हा दोन पायऱ्यांचा प्रवास मुद्दाम सांगते आहे. महाराष्ट्रात राहत्या घराची किंवा शेतीची मालमत्ता पती, पत्नी, मुलगा, मुलगी अशा जवळच्या नात्यात बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये लागते (स्थानिक अधिभार आणि नोंदणी खर्च वेगळा), पण पती हयात असलेली सून त्या यादीत नाही. सासऱ्यांनी थेट सुनेच्या नावे दस्त केला तर पूर्ण दराने शुल्क पडते.

येथे दोन अडचणी येतात आणि त्या झाकून चालणार नाहीत. अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीतला न वाटलेला हिस्सा इतर सहदायादांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, म्हणून वाटपाआधी केलेले बक्षीसपत्र टिकणार नाही. दुसरे असे की, मिळकत वडिलोपार्जित असेल तर त्या ८ वर्षांच्या मुलीचा त्यात जन्मतःच हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना हा हक्क दिला, आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या २०२० च्या निकालाने तो निर्विवाद केला. वडिलांना तिचा हिस्सा आपल्याला देता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही होऊ नये. तिचा भाग वाटणीतच वेगळा दाखवावा, म्हणजे पुढे सावत्रपणाचा संशय घरात शिरणार नाही. लग्नानंतर पतीच्या स्वतंत्र खात्यावरच्या शेतजमिनीला पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्यासाठी महाराष्ट्रात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. वाटप झाल्यावर तिचा लाभ अवश्य घ्यावा, पण सातबाऱ्यावरची नोंद ही महसुली नोंद असते, मालकीचा दस्त नव्हे, हे ध्यानात असू द्यावे.

वाटप लगेच होईल असे नाही. एखादे काका मुंबईत असतात, एखाद्या मयताची वारसनोंद राहिलेली असते, आणि गणपतीला सगळे गावी आले तरी त्या दिवसांत या विषयाला तोंड फुटत नाही. तोवर काम सुरू करायचेच असेल, तर सर्व सहधारकांनी घराच्या जागेपुरता आपल्या दोघांच्या नावे दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा करून द्यावा. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि एकाही सहधारकाची सही राहिली तर तो लंगडा पडतो.

तेही जमले नाही, तर आपली रक्कम उसनवार म्हणून द्यावी. रक्कम, तारीख, धनादेशाचा किंवा वळतीचा क्रमांक, परतफेडीची तारीख आणि व्याज असल्यास दर, हे सर्व लिहून पतीची आणि शक्य असल्यास सासऱ्यांचीही सही घ्यावी. यात मुदतीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. मुदत कायदा, १९६३ नुसार अशा वसुलीला साधारण ३ वर्षांची मर्यादा असते, आणि ‘मागाल तेव्हा परत करीन’ असे लिहिले तर ही ३ वर्षे पैसे दिल्याच्या दिवसापासूनच सुरू होतात. म्हणून परतफेडीची निश्चित तारीख घालावी, आणि मुदत संपण्यापूर्वी देणे बाकी असल्याची लेखी, सही केलेली कबुली घ्यावी. त्या दिवसापासून नवी ३ वर्षे मिळतात. नवऱ्याकडून असा कागद घ्यायला बहुतेक बायकांना संकोच वाटतो. तो संकोच मी समजू शकते, पण लग्नापूर्वीच ‘दर दुसऱ्या वर्षी कबुली लिहून देईन’ असे ठरले असेल तर पुढे ते मागण्याचा प्रश्न उरत नाही.

कोणताही मार्ग घेतला तरी पैसे आपल्या खात्यातून थेट पुरवठादाराला द्यावेत, चिरे, सिमेंट, पत्रे, वायरिंग यांची बिले आपल्या नावाने घ्यावीत आणि रोखीने काहीही देऊ नये. जागा भरतीरेषेपासून किती दूर आहे हेही आधी पाहावे. सीआरझेडच्या (किनारा नियमन क्षेत्राच्या) २०१९ च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. परवानगी नसलेल्या बांधकामात घातलेला पैसा कोणताही करार वाचवू शकत नाही.

कर्जाबाबत माझे मत कडक आहे. ज्या घरात आपली मालकी नाही, त्याच्या कर्जाला सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही करू नये. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, म्हणजे हप्ते थकले तर बँक आपल्या पगारापर्यंत येऊ शकते आणि घर मात्र दुसऱ्याचे राहते. पतीने लग्नानंतर मुदत विमा काढताना तो विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली आपल्या आणि मुलीच्या नावे काढावा. अशा पॉलिसीची रक्कम विश्वस्त निधी मानली जाते आणि पतीच्या धनकोंना तिला हात लावता येत नाही. हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो. आंबा बागायतदार, ट्रॉलरमालक, काजू कारखानदार अशा कर्जावर धंदा करणाऱ्या कुटुंबांत मी हे पहिल्या भेटीतच सुचवते.

दागिन्यांची यादी करायला कोणाची परवानगी लागत नाही. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनीच लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवायला सांगितले आहे. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते, आणि खाली वधूवरांच्या सह्या, एवढे त्यात हवे. आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत मानपानाच्या याद्या लिहिण्याची चाल आहेच, त्यामुळे हे कोणाला खटकण्याचे कारण नाही. ‘पाटल्या २, मावशीकडून’ एवढ्यावर थांबू नये. सराफाकडून ग्रॅममध्ये वजनाची चिठ्ठी घ्यावी, नव्या दागिन्यांवरचा ६ अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख) क्रमांक लिहावा, जुन्या मोहनमाळेचा किंवा कुड्यांचा फोटो काढावा. हे स्त्रीधन आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ नुसार त्यावर आपली पूर्ण मालकी आहे, आणि ते सासरच्यांकडे सांभाळायला दिले तरी त्यांचे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी प्रकरणात १९८५ मध्ये स्पष्ट केले. घरासाठी ते तारण ठेवायची वेळ आली तर सोनेतारणाचे खाते आपल्याच नावाने उघडावे. होणाऱ्या पतींच्या पहिल्या पत्नीचे दागिने वेगळे मोजून ठेवावेत, कारण त्यांच्या निधनानंतर त्यांत मुलीचाही वडिलांइतकाच हिस्सा आहे.

म्हापशात लग्नाआधी एकत्र राहण्याने कायद्याचा भंग होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ विवाहसदृश नात्यालाही निवासाचा आणि आर्थिक साहाय्याचा आधार देतो. मात्र दोघेही विवाहास पात्र असावेत, पुरेसा काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि समाजात जोडपे म्हणून वावरलेले असावेत, अशा कसोट्या डी. वेलुसामी प्रकरणात २०१० मध्ये घालून दिल्या गेल्या. काही महिन्यांच्या वास्तव्यावर भिस्त ठेवू नये. एकत्र राहणाऱ्या जोडीदाराला वारसाहक्क मिळत नाही. भाडेकरार दोघांच्या नावाने करावा, अनामत कोणी भरली ते त्यात लिहावे, आणि घराच्या बांधकामासाठी या काळात एकही रुपया देऊ नये.

राहिले मृत्युपत्र. मृत्युपत्र न करता पती गेले, तर त्यांच्या स्वतंत्र मिळकतीत आपण, मुलगी आणि त्यांची आई असे तिघींना सारखे हिस्से मिळतात. आपल्या मिळकतीचा क्रम मात्र अनेकींना ठाऊक नसतो. मूलबाळ आणि पती मागे नसलेल्या हिंदू स्त्रीची स्वकष्टार्जित मिळकत हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ नुसार आधी पतीच्या वारसांकडे जाते आणि तिचे आईवडील त्यानंतर येतात. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या २००९ च्या प्रकरणात लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा होऊन सासरहून घालवून दिलेली स्त्री माहेरी शिकली, नोकरीला लागली आणि मृत्युपत्र न करता वारली. तिची बँकेतली आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम तिच्या आईऐवजी पतीच्या नातलगांना मिळाली. नामनिर्देशन केले असले तरी भागत नाही, कारण भविष्यनिर्वाह निधी असो वा बँक ठेव, नामनिर्देशित व्यक्ती बहुतेक वेळा रक्कम स्वीकारणारी असते, मालक नव्हे. आपली बचत, सोने आणि घराच्या बदल्यात येणे असलेली उसनवारी यांचा नावनिशी उल्लेख असलेले मृत्युपत्र लग्नानंतर लगेच करावे. २ साक्षीदार पुरतात आणि नोंदणी ऐच्छिक आहे, पण ती दुय्यम निबंधकांकडे करून घ्यावी. साक्षीदार घरचे किंवा लाभ मिळणारे नसावेत; शाळेतले सहकारी चालतील, मात्र ते वयाने आपल्यापेक्षा लहान असावेत.